बागुलबुवाच्या जागी डॉक्टरला बसवू नका : मुलाची दातांच्या दवाखान्यातली पहिली भेट

‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!’

हे वाक्य मी रेल्वेच्या डब्यात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि माझ्याच दवाखान्याच्या बाकावरून, आत मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं ऐकलंय. म्हणणारी माणसं वाईट नसतात. दमलेली असतात, घाईत असतात, पोर ऐकत नसतं. पूर्वी या कामासाठी बागुलबुवा होता, झोळीवाला बाबा होता, पोलीस होता. बागुलबुवाचं एक बरं होतं. मुलाला आयुष्यात कधी त्याच्यासमोर तोंड उघडून बसायची वेळ येत नव्हती. डॉक्टरसमोर ती येते.

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. माझं म्हणणं सरळ आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. दातांच्या डॉक्टरची भीती मुलं जन्माला येताना बरोबर घेऊन येत नाहीत. ती आपण त्यांना घरी शिकवतो, वर्षानुवर्षं, रोज थोडी थोडी. आणि मग एके दिवशी थरथरणारं मूल खुर्चीत बसवून त्याच्यादेखत सांगतो, ‘डॉक्टर, आमचा हा फार घाबरट आहे हो.’

भीती येते कुठून?

स्टॅन्ली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली भीती कशी शिकली जाते याचे तीन मार्ग मांडले. पहिला, स्वतःचा अनुभव. दुसरा, दुसऱ्याला घाबरताना पाहणं. तिसरा, कानावर पडलेली माहिती. दातांच्या भीतीवर नंतर जो काही अभ्यास झाला, त्यात ही मांडणी आजही वापरली जाते.

आता तुम्हीच विचार करा. जे मूल आयुष्यात पहिल्यांदाच दातांच्या दवाखान्यात आलंय, त्याच्याकडे पहिल्या प्रकारचा अनुभव असूच शकत नाही. त्याच्या दाताला आजवर कुणी हात लावलेला नाही. तरीही चार-पाच वर्षांचं मूल पाटी वाचता येत नसताना, नुसतं ‘दातांचा दवाखाना’ हे शब्द ऐकून जिन्यातच आईच्या कमरेला विळखा घालतं. मग ही भीती उरलेल्या दोन वाटांनीच आलेली असणार. म्हणजे पाहून, नाहीतर ऐकून. आणि चार वर्षांचं मूल बघतं कुणाला, ऐकतं कुणाचं?

ऐकतं ते असं. जेवणाच्या ताटावर बाबा मामाला फोनवर सांगत असतात, ‘अरे, दाढ काढली, मेलो होतो मी त्या दिवशी. पक्कड घालून अशी पिळली म्हणतो!’ आजी म्हणते, ‘चॉकलेट खा अजून, मग डॉक्टर सगळे दात उपटतील.’ मोठी ताई चिडवते. शेजारच्या काकू विचारतात, ‘अगंबाई, दातांच्या डॉक्टरकडे? रडणार नाहीस ना?’ यातला एकही माणूस मुलाचं वाईट चिंतत नाही. पण मुलाच्या डोक्यात त्या जागेचं चित्र पूर्ण होतं, आणि त्यात रंग भरायला मी कुठेच नसते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळंच रडणं घरी शिकवलेल्या भीतीचं नसतं. आठ-नऊ महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुलं अनोळखी माणूस जवळ आला की रडतात. ते वयाचं लक्षण आहे, आणि चांगलं लक्षण आहे. बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस कळायला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. शिवाय लसीकरण झालेलं असतं, पांढरा कोट दिसला की बाळाला मांडी आठवते. या रडण्याला मी भीत नाही आणि तुम्हीही लाजू नका. दीड वर्षाचं बाळ माझ्याकडे रडलं तर ते आईच्या कडेवर गेल्यावर मिनिटभरात थांबतं. पण पाच वर्षांचं मूल जेव्हा दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरतं आणि त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरीखुरी दहशत असते, तेव्हा ते मी केलेलं नसतं. माझी आणि त्याची ओळखच झालेली नसते.

‘दुखेल तेव्हा बघू’

भीती पेरून झाल्यावर आपण दुसरी गोष्ट करतो. दुखेपर्यंत थांबतो.

आपल्याकडे मुलाची दातांच्या डॉक्टरशी पहिली गाठ बहुतेक वेळा कशी पडते ते सांगते. मूल दोन रात्री झोपलेलं नसतं. घरातल्या लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून झालेला असतो, तापाचं औषध देऊन झालेलं असतं. गाल सुजलेला असतो. आई-बाबांची रजा पडलेली असते, त्यामुळे दोघंही चिडलेली असतात. अशा मुलाला मी पहिल्याच भेटीत सुई द्यायची, दात उघडायचा, पू वाट काढून द्यायचा, आणि वर त्यानं मला ‘थँक यू डॉक्टर’ म्हणून हसत घरी जायचं! मोठ्या माणसालाही हे जमत नाही.

आणि हे सगळं होतं एका वाक्यामुळे : ‘दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत.’

पडणार आहेत, पण कधी? दुधाचे दात एकूण वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या आसपास पडायला लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ते दिसतं. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली, तर मुलानं त्या दाढेनिशी सहा ते आठ वर्षं काढायची असतात. एवढा काळ तुम्ही स्वतः एका बाजूनं जेवाल का?

दुधाच्या दाताचं वरचं कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्याच जाडीचं असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जास्त जवळ असते. म्हणून लहानपणी कीड फार पटकन नसेपर्यंत पोचते. मार्च महिन्यात दिसलेला तपकिरी ठिपका दिवाळीपर्यंत रूट कॅनल मागू शकतो. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. आणखी एक गोष्ट, जी शिकलेल्या पालकांनाही ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. कुठलाही दात न पडता ती येते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तीही किडते, आणि तीही ‘पडणारच आहे’ या खात्यात जमा होते. ती पडणार नसते. तीच दाढ साठाव्या वर्षी भाकरी चावायला लागणार असते.

न दुखता जाण्याचा दुसरा फायदा मनाचा आहे. शेजारच्या गरीब कुत्र्याच्या पाठीवरून शंभर वेळा हात फिरवलेल्या मुलाला एखाद्या दिवशी कुत्रं गुरगुरलं, तर ते त्या कुत्र्याला टाळेल, पण जगातल्या सगळ्या कुत्र्यांना घाबरणार नाही. ज्याची कुत्र्याशी पहिली ओळखच चावण्यानं झाली, त्याचं आयुष्यभराचं नातं बिघडतं. दातांच्या बाबतीत हेच दिसून आलंय. आधी काही साध्या, न दुखणाऱ्या भेटी झालेल्या असतील, तर पुढे एखादा त्रासदायक उपचार करावा लागला तरी भीती घर करून बसण्याची शक्यता कमी होते. या साध्या भेटी म्हणजे मुलाच्या नावावर टाकलेली ठेव समजा. कधीतरी सुई द्यायची वेळ येईल तेव्हा आम्ही त्यातूनच खर्च करतो. खात्यात शिल्लक शून्य असेल तर कुठून काढायचं?

पहिल्या वाढदिवसाच्या आत. हो, इतक्या लवकर.

पहिला दात दिसल्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत केव्हाही पहिली भेट व्हावी, असं जगभरातल्या बाल दंतरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. ‘एवढंसं बाळ तोंड तरी उघडेल का?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. उघडत नाही. उघडायची अपेक्षाही नसते.

या भेटीत बाळ खुर्चीत बसत नाही. मी आणि आई (किंवा बाबा) समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतो. बाळाचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, डोकं माझ्या मांडीवर, आणि वर बघितलं की त्याला आईचा चेहरा दिसतो. मी आरसा घेऊन दात बघते. दोन मिनिटं लागतात. बाळ रडतं, आणि रडताना तोंड आपोआप उघडतं, त्यामुळे माझं काम सोपं होतं. उरलेला वेळ तुमच्याशी बोलण्यात जातो, आणि खरी भेट ती असते. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवता का? बाटलीत साखर घालता का? चोखणीला मध लावता का? झोपेत लाळ कमी होते, दूध आणि साखर रात्रभर वरच्या पुढच्या दातांना चिकटून राहतात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशानं वाचतात. म्हणून दोन वर्षांच्या मुलाचे वरचे चार दात काळे आणि खालचे पांढरेशुभ्र दिसले, की मला बाटलीबद्दल विचारावंही लागत नाही. हे बोलणं पहिल्या वर्षी झालं तर दहा मिनिटांचं काम असतं. चौथ्या वर्षी झालं तर त्याच घराला कधी कधी मुलाला पूर्ण भूल देऊन आठ-दहा दातांवर एकदम काम करून घ्यावं लागतं. भूल देणं आज पुष्कळ सुरक्षित आहे, पण आपलं चार वर्षांचं मूल ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत जाताना बघणं काय असतं, ते त्या आई-बापांना विचारा.

पहिला वाढदिवस उलटून गेला असेल तर? मूल तीन वर्षांचं, चार वर्षांचं आहे, आणि काही दुखत नाहीये? मग याच महिन्यात न्या. ‘काही दुखत नाहीये’ हे न नेण्याचं कारण नाही, नेण्याचं आहे.

चार खोटी वाक्यं

आता तयारीबद्दल. तयारी म्हणून घराघरांत जे केलं जातं, त्यातलं पुष्कळसं न केलेलंच बरं.

‘काही दुखणार नाही हं, अजिबात दुखणार नाही!’ मुलाच्या मनात दुखण्याचा विचारही नव्हता. आता आला. मोठं माणूस इतक्या कळकळीनं ‘दुखणार नाही’ सांगतंय म्हणजे तिथं दुखण्यासारखं काहीतरी आहे, एवढं तर्कशास्त्र तीन वर्षांच्या पोरालाही असतं. शिवाय तुम्ही माझ्या वतीनं दिलेलं हे वचन मी मोडलं तर खोटारडे ठरता तुम्ही आणि मी दोघंही.

‘आपण बागेत चाललोय.’ हे सगळ्यात वाईट. मूल नाचत रिक्षात बसतं आणि दवाखान्याच्या दारात उतरतं. त्या दिवशी त्याला समजतं की आईचा शब्द धरायचा नसतो. हा तोटा दातांपुरता राहत नाही.

‘शहाण्यासारखा बसलास तर आइस्क्रीम.’ म्हणजे आत असं काहीतरी भयंकर आहे की ज्यासाठी लाच द्यावी लागते. आणि दात तपासून घेतल्याचं बक्षीस साखर!

‘मुलगा असून रडतोस? मुली रडतात.’ हे वाक्य माझ्या खोलीत कुणी उच्चारलं तर मी हातातलं काम थांबवते. रडणं हे चार वर्षांच्या मुलाचं बोलणं आहे. ते बंद केलं तर दुखतंय की नाही हे मला कळणार कसं?

मग सांगायचं काय? थोडं, खरं आणि वेळेवर. तीन-चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगू नका, त्याला ‘पुढचा गुरुवार’ कळत नाही, नुसती टांगती तलवार राहते. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी सांगा : ‘आज आपण दात मोजणाऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. त्यांच्याकडे वर-खाली होणारी खुर्ची असते. त्या छोटा आरसा घेऊन तुझे दात मोजतील. मी तिथेच असेन.’ बस. त्याने विचारलं, ‘सुई देतील का?’ तर ‘नाही’ म्हणू नका आणि ‘हो’ही म्हणू नका. ‘मला नक्की माहीत नाही. काहीही करायच्या आधी त्या तुला सांगतील. आपण त्यांनाच विचारू.’ मूल हे उत्तर पचवतं. मोठ्यांनाच ते अपुरं वाटतं.

मशीन, भूल, दात कोरणं, काढणं यांची वर्णनं आमच्यावर सोडा. त्यासाठी आमची वेगळी भाषा असते. पाणी उडवणारी नळी आमच्याकडे पिचकारी असते, थुंकी ओढणारी नळी हत्तीची सोंड असते. हेरॉल्ड अॅडलस्टन या दंतवैद्यानं १९५९ मध्ये एक साधी पद्धत मांडली, जी आजही आमच्या विषयाचा पाया आहे : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पिचकारी आधी शब्दांत येते, मग मुलाच्या तळहातावर पाणी उडवते, आणि तिसऱ्यांदा दातापाशी जाते. तुम्ही घरी यूट्यूबवर दात काढण्याचा व्हिडिओ दाखवून ‘समजावलेलं’ असेल, तर माझी पिचकारी कितीही गोड असली तरी त्याच्या डोळ्यांसमोर रक्तच असतं.

खरी तयारी रोज रात्रीची

भेटीच्या आदल्या दिवशी केलेल्या तयारीपेक्षा माझा भरवसा एका वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्या घरी आई किंवा बाबा रोज रात्री मुलाचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन, वरून वाकून, ओठ बाजूला करून दात घासून देतात, त्या घरचं मूल मला पाच मिनिटांत ओळखू येतं. त्याला आडवं होणं नवीन नसतं. कुणीतरी वरून तोंडात बघतंय हे नवीन नसतं. गालाच्या आत बोट फिरणं नवीन नसतं. दवाखान्यात फक्त माणूस बदललेला असतो. याउलट, ज्याच्या हातात दीड वर्षाचं असताना ब्रश देऊन ‘स्वतःचं स्वतः करतो हो आमचा’ असं कौतुक झालंय, त्याच्या तोंडात आजवर दुसऱ्या कुणाचा हातच गेलेला नसतो. पहिला हात माझा, हातमोजा घातलेला.

म्हणून आज रात्रीपासून हे सुरू करा. मुलाला स्वतःच्या बुटाच्या नाड्या नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, दात तुम्ही घासून द्यायचे. त्यानं आधी हवं तितकं स्वतः घासावं, शेवटचा हात तुमचा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दिसते ती पेस्ट खपवण्यासाठी असते. पेस्टमध्ये फ्लोराईड असावं, सर्वसाधारणपणे १००० पीपीएम. डब्यावरचं कार्टून बघून घेऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांतल्या ज्या भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथे राहत असाल तर पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

खेळ हवाच असेल तर चमचा आरशासारखा धरा आणि आधी मुलाला तुमचे दात मोजू द्या. बाबांच्या दाढेत चांदी दिसली की त्याला भारी मजा वाटते. मग बाहुलीचे मोजा. त्याचे शेवटी.

थोडं आमच्या लोकांबद्दल

सगळा दोष पालकांच्या पदरात टाकून मोकळं व्हायची आमच्या व्यवसायाला सवय आहे. ते मला मान्य नाही.

वर्षाच्या बाळाला घेऊन आलेल्या आईला ‘एवढ्या लहानाला कशाला आणलंत, पाच वर्षांचा झाला की या’ असं सांगून परत पाठवणारे दंतवैद्य आजही आहेत. त्यांना लहान मुलांचं काम नको असेल तर तसं सांगावं आणि बाल दंतरोगतज्ज्ञाचं नाव द्यावं. ‘पाच वर्षांनी’ हा वैद्यकीय सल्ला नाही, तो टाळाटाळीचा सभ्य प्रकार आहे. लसीकरणासाठी वारंवार बाळाला बघणारे बालरोगतज्ज्ञ ओठ वर करून दात बघतातच असं नाही, त्याला दहा सेकंद लागतात. आणि काही दवाखाने पहिल्याच दिवशी, कसलीही तातडी नसताना, आईला बाहेर काढून, चौघांनी हातपाय धरून मुलाच्या दातात सिमेंट भरतात. काम ‘यशस्वी’ होतं. ते मूल पुढची वीस वर्षं कुठल्याच दंतवैद्याला सापडत नाही, आणि सापडतं तेव्हा दाढ वाचवण्याची वेळ गेलेली असते.

‘तुमचा धंदा वाढावा म्हणून लवकर बोलावता’ असंही मला ऐकवलं जातं. संशय घ्यायला माझी हरकत नाही, घ्याच. पहिल्याच भेटीत न दुखणाऱ्या मुलाच्या हातात आठ दातांचं कोटेशन ठेवलं, तर उठून दुसरीकडे जा आणि दुसरं मत घ्या. पण हिशेबही करून बघा. दोन मिनिटांची तपासणी, गरज असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराईडचा लेप, हे एका पारड्यात ठेवा. दुसऱ्या पारड्यात दोन रूट कॅनल आणि दोन स्टीलच्या टोप्या. पैसा कमवायचा असता तर मी तुम्हाला ‘दुखेल तेव्हाच या’ असं सांगितलं असतं.

म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारा. एवढ्या लहान मुलांना बघता का? पहिल्या भेटीत काय करता? आई-बाबांना आत बसू देता का? मूल तयार झालं नाही तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही बरोबर करून घेतो’ असं उत्तर आलं तर दुसरा फोन लावा. ‘मग पुन्हा बोलावतो’ असं आलं तर जा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. गावात असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत दात आहेत. गर्दीच्या दिवशी ते राहून जाऊ शकतं, तेव्हा तुम्ही म्हणा, ‘डॉक्टर, एकदा दात बघता का?’

‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?’

नव्हतं. तुमच्या वेळी पुडीत बंद बिस्किटं दिवसातून चार वेळा नव्हती, सहा महिन्यांच्या बाळाच्या हातात रसाचं टेट्रापॅक नव्हतं. आणि ज्या आजोबांचं उदाहरण मला दिलं जातं, त्यांच्या तोंडात आज किती दात स्वतःचे आहेत तेही एकदा विचारा. तुमच्या वेळी नव्हतं म्हणूनच तुम्ही आजही दाढ दुखली की तीन महिने गोळ्या खाता आणि शेवटी कुणाला तरी सोबत घेऊन येता.

ही भीती तुम्हाला स्वतःला असेल तर लपवायचा प्रयत्न करू नका, तुमचा घट्ट झालेला हात मुलाला कळतो. त्या दिवशी मुलाला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा. आजी न घाबरणारी असेल तर आजी चालेल. पण एकच माणूस. आजी, मावशी, काका, दोन चुलत भावंडं अशी वरात नको. मी ‘आ कर’ म्हटलं की पाच जण पाच सुरांत ‘आ कर, आ कर’ म्हणतात आणि मूल कुणाकडे बघावं ते न कळून रडायला लागतं.

वेळ सकाळची घ्या, किंवा दुपारच्या झोपेनंतरची. तासभर आधी हलकं काही खाऊ घाला. शाळा, शिकवणी, वाढदिवसाची पार्टी उरकून रात्री साडेआठला आणलेलं मूल कुणाचंच ऐकत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. गालाला सूज, ताप, तोंड उघडता न येणं, गिळायला त्रास, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणं, यांपैकी काही असेल तर वर लिहिलेली सगळी तयारी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. रात्र असेल तर मोठ्या रुग्णालयात जा. तिथे मुलाला धरावं लागलं तरी चालेल. संसर्ग आधी, मन नंतर सांभाळू.

पहिली भेट बिघडली, मूल खुर्चीत बसलंच नाही, तर ओढत बसवू नका आणि रागावून घरीही नेऊ नका. आम्ही आमच्या कार्डावर मुलाच्या वागण्याची नोंद चार पायऱ्यांत करतो. फ्रँकल या दंतवैद्याच्या नावानं ओळखलं जाणारं हे माप १९६२ पासून वापरात आहे. सगळ्यात खालच्या पायरीवरचं मूल पुढच्या वेळी एक पायरी वर आलं तरी मी ती भेट चांगली मानते. त्याच आठवड्यात नुसतं खुर्ची वर-खाली करून बघायला आणा. आधीच कीड असेल आणि मूल अजून तयार नसेल, तर पुष्कळदा सिल्व्हर डायमाइन फ्लोराईडचा थेंब लावून ती थोपवता येते. किडलेला भाग काळा पडतो, दिसायला बरं दिसत नाही, पण मुलाला तयार व्हायला सहा महिने मिळतात.

आणि घरी परतताना रिक्षात ‘दुखलं का रे?’ असं विचारू नका. घरी आल्या आल्या त्याच्यासमोर आजीला फोन लावून ‘काय रडला म्हणून सांगू!’ हेही नको. ‘किती दात निघाले?’ एवढंच विचारा. आकडा चुकला तर चुकू दे, आजीला तो त्यालाच सांगू दे.